तेरा दिवस पाण्यात राहिलेल्या वह्या आणि देवगावची बहिणा

आमच्या पडेगावावरून निघालेला रस्ता मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादच्या किल्ल्याशी येतो, घाट चढून खुलताबादला आणि तिथून वेरूळला जातो. बहुतेक मंडळी इथवरच जातात. लेणी बघायची, घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं, उसाचा रस प्यायचा आणि अंधार पडायच्या आत घरी. पाहुणे आले की आमच्याकडेही हाच कार्यक्रम ठरलेला असतो. पण वेरूळहून पश्चिमेकडे आणखी थोडं गेलं की देवगाव रंगारी लागतं आणि त्या बाजूलाच पुढे वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. एका गावात एक मुलगी जन्मली आणि दुसऱ्या गावात ती म्हातारी होऊन वारली. मधल्या बहात्तर वर्षांत तिनं जे केलं ते मला वेरूळच्या कैलास लेण्याइतकंच अवघड वाटतं. कैलास खोदायला राजाची आज्ञा होती. हिला लिहायची आज्ञा कुणाचीच नव्हती, उलट मनाईच होती.

ही संत बहिणाबाई. पुढे जाण्याआधी एक खुलासा करते, कारण इतकी वर्षं वर्गात हा खुलासा करावा लागला आहे. "अरे संसार" वाली ती ही नव्हे! ती खानदेशातली बहिणाबाई चौधरी, असोद्याची, जन्म १८८०, मृत्यू १९५१. तिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवली होती. ती गेल्यावर आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली पुस्तक आलं. तिच्याबद्दल महाराष्ट्राला पुष्कळ माहिती आहे. आपल्या जिल्ह्यातली बहिणाबाई तिच्या अडीचशे वर्षं आधीची, आणि तिच्याबद्दल आपल्या जिल्ह्यालाच फार थोडी माहिती आहे. विद्यापीठही खानदेशच्या बहिणाबाईंच्या नावाचं आहे. त्याबद्दल तक्रार नाही, आनंदच आहे. पण नावाच्या सारखेपणात आपली मागे पडली एवढं खरं.

जन्म शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८. वडील आऊदेव कुलकर्णी, आई जानकी. आपली कथा सांगायला बसल्यावर ती सुरुवातीलाच गावाचा पत्ता देते, देवगाव वेरूळच्या पश्चिमेला आहे म्हणून. मला हे फार आवडतं. पोथीत सहसा असा पत्ता नसतो. पोथीत "आटपाट नगर" असतं.

तो काळ कसला होता हे इतिहासाच्या पुस्तकातून आठवून पाहा. खडकी वसवणारा मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. १६३० पासून दोन-तीन वर्षं मोठा दुष्काळ पडला. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा ही पाच वर्षांची. १६३६ मध्ये तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला. म्हणजे तिच्या अंगणापासून काही कोसांवर एक राज्य बुडत होतं. पण तिच्या आत्मकथेत जागा मिळाली आहे ती एका वासराला. त्या वासराकडे आपण येऊच.

तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा तीस वर्षांचा बिजवर, शिवपूरचा म्हणजे शिऊरचा, रत्नाकर पाठक. त्या काळात यात कुणाला वावगं वाटलं नसावं, आणि तीही त्याबद्दल रडगाणं गात नाही. तिच्या नवव्या वर्षाच्या सुमारास भाऊबंदकीमुळे माहेरच्या लोकांना गाव सोडावं लागलं. आईवडील, ती, नवरा असं सगळं कुटुंब निघालं. गोदाकाठ, पंढरपूर, रहिमतपूर असं करत, भिक्षुकी करत, ते कोल्हापूरला पोचले. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कुलकर्ण्याची मुलगी आणि पाठकाची बायको, पण अन्न भिक्षेचं आणि घर दुसऱ्याचं.

कोल्हापूरला हिरंभट नावाच्या वैदिकाच्या आश्रयाने ते राहिले. तिथे एक काळी गाय वासरासह त्यांना मिळाली. वासराला या मुलीचा असा लळा लागला की तिच्या हातून दिलं तरच ते चारा खाई, पाणी पिई. ती विहिरीवर गेली की मागे वासरू. कीर्तनाला गेली तरी मागे वासरू. लोक हसत असणारच. तिला भावंड नव्हतं की काय, खेळायच्या वयात संसारात पडली म्हणून वासरू जवळचं झालं की काय, असे प्रश्न आपल्या मनात येतात. ती असलं काही विश्लेषण करत नाही. वासरू होतं, ते माझ्यामागे येई, एवढंच सांगते.

त्या दिवसांत जयराम स्वामी वडगावकर कोल्हापूरला कीर्तनं करत होते. एका एकादशीला गर्दी झाली आणि लोकांनी वासराला बाहेर काढलं. ते बाहेर हंबरू लागलं आणि आत ही रडू लागली. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी वासराला आत आणवलं आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. झालं! एका परक्या साधूने ब्राह्मणाच्या बायकोच्या डोक्यावर चारचौघांत हात ठेवला, ही बातमी नवऱ्याच्या कानावर घालणारे लगेच निघाले. नवरा आला आणि त्याने तिला बेदम मारलं. हे सगळं ती स्वतः सांगते, काही लपवत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने नवऱ्याच्या हातच्या माराची नोंद स्वतःच्या तोंडाने करून ठेवली. आणि तो शापाच्या किंवा सूडाच्या सुरात नाही, घडलं ते घडलं म्हणून.

त्या माराच्या वेळी गाईने आणि वासराने चारा-पाणी सोडलं. पुढे थोड्याच दिवसांत वासरू मेलं. गाथ्यातली कथा अशी की शेवटच्या वेळी हिरंभटांनी मुक्याला बोलकं करणाऱ्या कृपेचा तो प्रसिद्ध संस्कृत श्लोक अर्धा म्हटला आणि उरलेला अर्धा वासराने पुरा केला. आता वासरू संस्कृत बोललं यावर तुम्ही विश्वास ठेवा की ठेवू नका. मी निवृत्त मास्तरीण आहे, माझं लक्ष श्लोक कुठला निवडला याकडे जातं. जगात इतके श्लोक असताना हाच आठवला. त्या घरात मुकं कोण होतं? वासरू तर होतंच. पण वेद ज्याच्या घरात रोज म्हटले जातात आणि जिला त्यातलं अक्षर उच्चारायची परवानगी नाही, अशी आणखी एक व्यक्ती तिथे होती.

वासरू गेल्यावर ती बेशुद्ध पडली. आणि त्या आजारपणात तिला ध्यास लागला तो तुकारामांचा.

तुकारामच का, हा माझ्या मते या सगळ्या कथेचा गाभा आहे. जयराम स्वामी समोर होते, ब्राह्मण होते, तिच्याशी मायेने वागले होते. गुरू करायचा तर ते सोपे होते. तुकाराम दूर देहूला, कधी पाहिलेले नाहीत, आणि जातीने कुणबी-वाणी. त्यांची पदं तिने फक्त जयराम स्वामींच्या कीर्तनातून ऐकली होती. पण पदांबरोबर तिने एक गोष्टही ऐकली होती आणि ती तिच्या मनात रुतून बसली होती. या माणसाच्या कवितेच्या वह्या तेरा दिवस पाण्यात होत्या आणि तरी त्या वाचल्या, ही ती गोष्ट. ध्यास लागण्याचं कारण सांगताना बहिणाबाई या वह्यांचा उल्लेख करते. तुकाराम तेव्हा हयात होते. म्हणजे इंद्रायणीची ही हकिगत नंतरच्या चरित्रकारांनी रचलेली नाही, ती त्यांच्या हयातीतच कोल्हापूरपर्यंत पोचली होती याला ही मुलगी साक्षीदार आहे. तुकारामांचा अभ्यास करणारे तिला म्हणूनच मानतात.

वह्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. शूद्राने वेदांचा अर्थ मराठीत सांगावा हा अधिकार कुठला, असा आक्षेप आला. रामेश्वरभट्टांसारखे विद्वान विरोधात होते. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. आणि तुकाराम काठावर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. आपण सिनेमात आणि कॅलेंडरवर वह्या तरंगून वर आलेलं चित्र बघतो आणि हात जोडतो. मला त्या चित्रातले आधीचे तेरा दिवस जास्त दिसतात. ज्या माणसाला कविता करायची आज्ञा नामदेवांनी स्वप्नात येऊन दिली होती, त्याला त्या तेरा दिवसांत काय वाटलं असेल? ते स्वप्न खरं होतं की आपल्याच मनाचा खेळ? आपण जे लिहिलं ते देवाने बोलवलं की आपल्या अहंकाराने? "मला अधिकार आहे का" हा प्रश्न इतक्या उघड्यावर, नदीकाठी, गावादेखत क्वचितच कुणाला पडला असेल.

अकरा-बारा वर्षांच्या मुलीने हा माणूस निवडला. लिहिण्याचा अधिकार ज्याला सहज मिळाला होता असा गुरू तिने केला नाही. ज्याचा अधिकार काढून घेतला गेला आणि तरी ज्याचे शब्द बुडाले नाहीत, तो तिला आपला वाटला. याला मी योगायोग मानत नाही.

शके १५६२, कार्तिक वद्य पंचमी, रविवार. १६४० साल. या दिवशी स्वप्नात तुकारामांनी आपल्याला उपदेश केला, असं ती तिथीवारासह सांगते. कानात मंत्र सांगितला आणि हातात एक ग्रंथ दिला, मंत्रगीता नावाचा. खुद्द तुकारामांनाही त्यांच्या गुरूंचा, बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. जागेपणीच्या जगात ज्यांना दार उघडत नाही त्यांना स्वप्नाचं दार बंद करता येत नाही, म्हणून असेल. आणि देणाऱ्याने दिलं काय, तर पुस्तक! ज्या बाईला वेद ऐकायचीही चोरी, तिच्या हातात स्वप्नात का होईना पुस्तक आलं.

यावर नवऱ्याचं म्हणणं काय झालं ते तिने त्याच्याच तोंडून सांगितलं आहे. तो भाग वाचताना मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. तो म्हणतो, आपण ब्राह्मण, आपलं काम वेदपठण, हा शूद्र तुका कोण आणि स्वप्नातला उपदेश कसला? इथवर ठीक, हे त्या काळाचं शास्त्र झालं. पण पुढे खरं दुखणं बाहेर येतं. लोक हिच्या दर्शनाला येतात, हिला नमस्कार करतात, मग मला कोण विचारणार? त्यापेक्षा हिला आईबापांपाशी सोडून मी रानात निघून जातो. ती तेव्हा गरोदर होती. हा रत्नाकर पाठक मला खलनायक वाटत नाही. कर्त्या पुरुषाचं महत्त्व घरातल्या बाईच्या गुणामुळे कमी झालं की होणारी ही तडफड मी किती घरांत पाहिली आहे. बाई भजनी मंडळाची पेटी वाजवायला लागली, किंवा दिवाळी अंकात तिचं नाव छापून आलं, की घरातलं हवामान बदलतं. बोलून कुणी दाखवत नाही, रत्नाकर पाठकाने निदान बोलून दाखवलं.

इथून पुढचे तिचे अभंग हा माझ्या मते मराठीतला फार वेगळा ऐवज आहे, कारण ती स्वतःशीच भांडते आहे. वेद आणि पुराणं सांगतात की स्त्रीच्या संगतीने हित होत नाही, आणि मी तर स्त्रीच आहे, मग माझा परमार्थ कसा व्हायचा, असं ती विचारते. ओंकाराचा अधिकार नाही, गायत्रीचा नाही. देह पराधीन. मागच्या जन्मी काय पाप केलं म्हणून हा जन्म आला? हा प्रश्न ती पुन्हा पुन्हा आणते. त्याला उत्तर म्हणून एकदा पतीच देव म्हणते. पतीने टाकल्यावर त्या विठ्ठलाचं आणि स्वप्नातल्या तुक्याचं काय करायचं, असंही म्हणून जाते. पतिव्रतेची लक्षणं सांगणारे अभंग तिने भरपूर लिहिले आहेत. आणि तरी विठ्ठलही सोडत नाही आणि तुकारामही सोडत नाही.

आजच्या शिकलेल्या मुलींना हा भाग वाचायला दिला की त्या चिडतात. "हे काय, शेवटी पायाच पडली ना नवऱ्याच्या?" ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये नेमका यावर लेख लिहिला, पत्नी आणि संत या दोन भूमिकांमध्ये बहिणाबाईची कशी ओढाताण झाली यावर. मुलींच्या चिडण्यात तथ्य आहे. पण मला वाटतं त्या एक गोष्ट विसरतात. शंका मिटवून मग लिहायला बसायचं, असं तिने ठरवलं असतं तर ती कधीच लिहायला बसली नसती. शास्त्राने घातलेली शंका एका बाईच्या एका आयुष्यात मिटणारी नव्हती. तिने काय केलं, तर शंकेलाच अभंगात बसवलं. मला अधिकार नाही, हे वाक्य तिने इतक्या वेळा, इतक्या नेमकेपणाने लिहिलं की लिहिता लिहिता ती अधिकारी झाली. लक्षात घ्या, अधिकार नसल्याचं दुःख तोवर पुरुषांनी बायकांच्या वतीने सांगितलं होतं. ते आतून सांगणारी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती, जनाबाई, सोयराबाई अशी.

नवऱ्याच्या मनाचं काय झालं? तो महिनाभर आजारी पडला, हिने सेवा केली आणि त्याला पश्चात्ताप झाला. रानात जाण्याऐवजी तो सगळ्यांना घेऊन देहूला निघाला. देहूला तुकाराम प्रत्यक्ष भेटले. पण सुख तिथेही नव्हतं. गावात मंबाजी गोसाव्याचा मठ होता आणि या ब्राह्मण कुटुंबाने आपलं शिष्य व्हावं अशी त्याची इच्छा. यांनी सांगितलं, आमचे गुरू तुकाराम. मंबाजीने छळ मांडला, पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना तक्रारीचं पत्र पाठवलं, एवढंच नाही तर यांची गाय नेऊन बांधून ठेवली आणि मारली. त्या माराचे वळ तुकारामांच्या पाठीवर उठले असं बहिणाबाई सांगते. पुन्हा गाय, पुन्हा मार! तिच्या आयुष्यात मुक्या जनावराचं अंग आणि माणसाचं अंग यांत फार अंतर नाही.

देहूच्या मुक्कामात तिला मुलगी झाली, काशी. आणि तिथेच शब्द सुचू लागले असं ती सांगते. देवळात ध्यानाला बसणं, तुकारामांचं दर्शन, इंद्रायणीचं स्नान आणि मग आतून उसळून आलेले अभंग. वह्या बुडाल्या ती हीच इंद्रायणी. त्याच पाण्यात उभं राहून या बाईला पहिले शब्द फुटावेत!

आता थोडं मास्तरकीचं बोलते. बहिणाबाईचा गाथा सलग वाचला तर बरेच अभंग इतर संतांसारखेच वाटतात. नाममहिमा, गुरुमहिमा, संतलक्षणं. चांगले आहेत, पण नाव झाकलं तर कुणाचे ते सांगता येणार नाही. वारकरी संप्रदायाची देवळाच्या इमारतीशी तुलना करणारा, ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत प्रत्येकाला त्यात जागा देणारा अभंग तिच्या नावावर आहे. तो इतका घरोघरी पोचला की तो तिचा आहे हेच लोक विसरले. पण वासरू आलं, मार आला, नवऱ्याचा रुसवा आला, की ओळ एकदम जिवंत होते. तिथे नाव झाकलं तरी बाई ओळखू येते.

निबंधाच्या वह्या तपासताना मला हे दर वर्षी दिसायचं. "पावसाळ्यातील एक दिवस" दिला की चाळीस वह्यांत तोच मोर, तेच इंद्रधनुष्य, तीच धरणीमातेची हिरवी शाल. मुलांना वाटायचं निबंध म्हणजे असाच असतो. आपल्या घराचं पत्रं गळतं आणि आई ताटं-पातेली मांडत रात्रभर जागते, हे निबंधात चालेल असं त्यांच्या मनातच येत नसे. कधीतरी एखादी मुलगी भीतभीत तसं लिहायची आणि वर मला विचारायची, "बाई, हे चालेल ना?" त्या "चालेल ना"मध्ये बहिणाबाईच आहे, असं आता वाटतं. कीर्तनात वासरू चालेल का? अभंगात वासरू चालेल का?

आणखी एक गोष्ट, अभंगाच्या शेवटच्या नाममुद्रेची. आपल्याकडे जात्यावर बायकांनी हजारो वर्षं ओव्या रचल्या. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी आपल्या काळात लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यावरून तो साठा केवढा मोठा होता याचा अंदाज येतो. पण ओवी कुणाची? तर "आमच्या आईची", "पूर्वीपासूनची". माझी, असं कुणी म्हणत नाही. जनाबाई बऱ्याचदा नामदेवांची दासी म्हणून येते, सोयराबाई चोखोबांची महारी म्हणून. बहिणाबाईच्या अभंगात शेवटी येतं ते "बहिणी म्हणे". कुणाची पत्नी नाही, कुणाची दासी नाही. पतिव्रताधर्म सांगणाऱ्या अभंगाखालीसुद्धा सही तिची स्वतःची आहे. यात सगळं आलं, असं मी म्हटलं तर चिडणाऱ्या मुलींना पटेल का कोण जाणे.

तिने आणखी एक धाडस केलं, त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. वज्रसूची हा संस्कृत ग्रंथ तिने मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोणाला म्हणायचं, जन्माने, देहाने, विद्येने की कर्माने, याची एकेक करून झाडाझडती घेणारा हा ग्रंथ. अश्वघोषाच्या नावावर तो सांगितला जातो. नवरा म्हणाला होता आपण ब्राह्मण, शूद्राला गुरू कसं करायचं. त्या वादाचं उत्तर तिने घरात भांडून दिलं नाही. एक ग्रंथ उचलला आणि तो मराठीत करून ठेवला. जिला वेदाचा अधिकार नाही तिने ब्राह्मणपणाची व्याख्या तपासायला घेतली.

आत्मचरित्र म्हणून या सगळ्याकडे पाहिलं तर काळाचा विचार करून थक्क व्हायला होतं. आपल्या देशातलं पहिल्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून बनारसीदासांच्या अर्धकथानकाचं नाव घेतात. ते आग्र्याकडचे जैन व्यापारी, सुशिक्षित, पुस्तक १६४१ चं. बहिणाबाईचं स्वप्न १६४० चं. उत्तरेत एक व्यापारी आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडत होता त्याच सुमारास कोल्हापुरात एक मुलगी आपल्या आयुष्याला अर्थ आहे का हे विचारत होती. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांची चर्चा बहुधा रमाबाई रानड्यांपासून, म्हणजे १९१० पासून सुरू होते आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांशी येऊन रमते. त्या दोघींबद्दल मला अपार प्रेम आहे. पण रमाबाईंच्या पाठीशी न्यायमूर्तींचं नाव होतं, लक्ष्मीबाईंच्या मागे लिही म्हणून लागलेला मुलगा होता. बहिणाबाईच्या पाठीशी पाण्यातून वर आलेल्या वह्यांची एक गोष्ट होती.

तुकाराम १६५० च्या सुमारास गेले. पुढे हे कुटुंब शिऊरला परतलं. मुलगा विठोबा हाताशी आला. ती बहात्तर वर्षं जगली. आपली गोष्ट तिने मुलाला सांगितली, आणि शेवट जवळ आल्यावर मागच्या बारा जन्मांची हकिगतही. आधुनिक वाचकाला जन्मांची ही यादी ओलांडून जावंसं वाटतं. मला वाटतं तिथेही ती त्याच प्रश्नाचं उत्तर शोधते आहे. हा देह मला का मिळाला, हे अकराव्या वर्षी विचारलं होतं. बहात्तराव्या वर्षी त्याचा हिशेब बारा जन्म मागे जाऊन, मुलाला समोर बसवून, तिनं मांडला. १६२८ ते १७००, इतकी वर्षं तिने तो प्रश्न सांभाळला. २ ऑक्टोबर १७०० ला ती गेली. औरंगजेब तेव्हा दक्षिणेतच मराठ्यांशी लढत होता, आणखी सात वर्षं लढणार होता.

नंतर दोनशे वर्षं हा सगळा मजकूर हस्तलिखितांत राहिला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उमरखाने यांनी गाथा छापला, १९२६ मध्ये कोल्हारकरांनी. १९२९ मध्ये जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने तिची आत्मकथा इंग्रजीत नेली. त्यामुळे आज परदेशातल्या विद्यापीठात तिच्यावर निबंध वाचले जातात. १९७९ मध्ये शालिनी जावडेकरांनी गाथ्याची संपादित आवृत्ती काढली. छापील पुस्तकं आहेत, पण आमच्या इकडच्या शाळांच्या कपाटांत मला ती फारशी दिसली नाहीत. नात्यातल्या कुणाला जुन्या बाजारात प्रत सापडली तर माझ्यासाठी घेऊन ठेवा, पैसे देईन.

शिऊरला तिची समाधी आहे. वेरूळला पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा एकदा लवकर निघा आणि परत न फिरता देवगाववरून पुढे शिऊरपर्यंत जा. वाटेत दोन्ही बाजूंना शेतं आहेत. गुरं रस्ता अडवतात, हॉर्न वाजवूनही लवकर हलत नाहीत. त्यांच्यामागून हळूच गाडी घ्यावी लागते.